हिऱ्याचा टवका

कोणी विचारलं तर मी सांगते, सराफ बाजारात होणाऱ्या सुनेसाठी अंगठी घ्यायला गेले होते. पण खोटं कशाला बोलू? गेली कित्येक वर्षं तिथल्या प्रत्येक काचेशी मी थांबते आणि माझाच हिरा शोधते. गणेशवाडीत फुलं विकली की मोकळी पाटी कमरेवर धरून हिंडायचं. दुकानदार म्हणायचे, ही बाई नुसती बघते, घेत काही नाही. बरोबरच होतं त्यांचं.

त्या दिवशी बरोबर दीपमाला होती. माझ्या सिन्नरच्या भावाची पोर. येत्या वैशाखात माझ्या ओमशी तिचं लग्न. कंपनीत नोकरी करते, इंग्रजी फाडफाड वाचते. म्हणाली, "आत्या, मला जाड सोनं नको. एकच छोटा हिरा घे, पण सर्टिफिकेटवाला."

शेठनं तीन खडे मांडले. दोन खड्यांचे कागद नवेकोरे, प्लास्टिकमध्ये बंद. तिसऱ्याचा पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला.

"हा जुना रिपोर्ट आहे, त्र्याण्णवचा," शेठ म्हणाले. "म्हणून यात थोडं कमी करून देईन."

दीपमालानं कागद उलटा केला. मागं चहाच्या पेल्याचा तपकिरी गोल उमटला होता. तो पेला माझ्या घरचा होता.

त्र्याण्णव साली आमच्या गुलाबानं लय साथ दिली. आमचे हे, म्हणजे ओमचे वडील कारभारी, मुंबईला फुलं घेऊन गेले आणि तिथल्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं माझ्यासाठी चक्क हिरा घेऊन आले. सुटाच, पुडीत बांधलेला, सोबत हा कागद. स्वयंपाकघरात फरशीवर बसून मला म्हणाले, "वाच." मी चौथी, हे सातवी. दोघांना आकडे तेवढे कळले. आणि बोलता बोलता चहाचा पेला ठेवला कुठं, तर त्या कागदावर. मी ओरडले, पण गोल उमटायचा तो उमटलाच.

तेवढ्यात आमचे चुलत सासरे कोंडाजीबाबा टपकले. "कागद काय, कोणी बी छापतं," म्हणाले. "कीर्तनात ऐकलं नाय का? खरा हिरा घणाखाली बी फुटत नाय. हाणून बघ."

आणि आमच्या ह्यांना तर कोणी चढवायचाच अवकाश! हिरा ठेवला शहाबादी फरशीवर, खलातला बत्ता उचलला आणि हाणला की. मी "अहो!" म्हणेपर्यंत खेळ खलास. हिरा उडाला तो थेट रॉकेलच्या डब्यामागं. सापडला तेव्हा कडेचा टवका उडालेला. तो टवका शोधत आम्ही तिघं फरशीवर रांगत होतो, पण फटीत कुठं गेला कोण जाणे. "म्हंजे खोटाच निघाला," असं म्हणून बाबा चहा पिऊन चालते झाले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणाले, "आता जा, तुम्हीच कीर्तन करा!" तेव्हा कुठं हसले. मग मलाही हसू आवरेना.

त्याचीच अंगठी केली. टवका झाकायला सोनारानं तिथं सोन्याचा दात बसवला, पण तो काही पुरता झाकला नाही. पदर अडकायचा. फुलं निवडताना, भाकरी थापताना दोरा त्या कडेत अडकला की मी हाक मारायची, "अहो!" हे हातातलं काम टाकून यायचे, चष्मा नाकावर ओढायचे, माझा हात हातात घ्यायचे आणि हळूच दोरा सोडवायचे. "भागा, एक दिवस साडी फाडशील." मला स्वतःला सोडवता येत नव्हता असं नाही. चांगला येत होता. पण ते सुख मी काय म्हणून सोडू?

पुढं त्यांचं दुखणं निघालं. दवाखान्याच्या खर्चापायी गहाण ठेवायला अंगठी मीच बोटातून काढून दिली, सोबत कागदही. "बरा झालो की परत आणतो," म्हणाले. दवाखान्यातून तेच परत आले नाहीत.

"शेठ, हा हिरा कुठून आला?" मी विचारलं.

"फिरत फिरत आला, मावशी. कडेला टवका उडाला होता. मग सुरतेला पाठवून नव्यानं घासून घेतला. तुमच्यापासून लपवत नाही. कागदावर वजन त्रेपन्न सेंट आहे, आता भरतो सत्तेचाळीस."

"म्हणजे सहा सेंट गेले?" दीपमाला म्हणाली.

"गेले. पण खडा कसा स्वच्छ झालाय बघा."

स्वच्छ! मला त्या माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष! मी हिरा बोटांत धरला आणि पदराचा काठ त्याच्या कडेवरून फिरवला. हळूहळू, सगळ्या बाजूंनी. पदर सुळकन निघून गेला. कुठंच अडकला नाही.

भर दुकानात मला रडू फुटलं. शेठ गडबडले, पाणी मागवलं. दीपमालाला मी रडत रडत सगळं सांगितलं. तिचेही डोळे भरले.

"आत्या, मग हा तूच घे. तुझाच आहे."

"मला नको गं. मला तो टवका हवा होता. मला हे हवे होते, दोरा सोडवायला." नाक पुसलं आणि हिरा तिच्या तळहातावर ठेवला. "तू घाल. तुझ्या सासऱ्यांनी आणलेला आहे. तुझा पदर काही अडकायचा नाही."

"मी तर रोज ड्रेसच घालते," ती म्हणाली, आणि रडता रडता दोघी हसलो.

शेठ म्हणाले, "नवा रिपोर्ट काढून देतो. जुना तेवढा परत करावा लागेल."

मी कागद पटकन उचलून छातीशी धरला. "नवा नको. याच्यावरच घेते."

"पण मावशी, याच्यात वजन चुकीचं आहे."

"असू द्या. त्यातलं थोडं माझ्या घरी आहे."

शेठना काही कळलं नाही. मीही समजावत बसले नाही.

घरी आलो तर अंगणात टाइल्सची खोकी रचलेली. लग्नाआधी ओमला सगळं घर चकाचक करायचं होतं. गवंडी स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करणार होता.

"स्वयंपाकघराला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"आई, सगळ्या घराला टाइल्स आणि तिथं ती फुटकी फरशी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना चुलीपाशी कोण बोलावतंय? नाही म्हणजे नाही."

तो काही तरी बोलणार होता. दीपमालानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि एसटीवर सोडायला चल म्हणून बाहेर नेलं.

घरात कोणी उरलं नाही. मी फरशीवर बसले, जिथं त्यांनी बत्ता हाणला होता तिथंच. वेड लागल्यागत पदराचा काठ फटीफटीतून ओढत सरकत राहिले. नुसती धूळ निघत होती. मग कोपऱ्यात एका ठिकाणी दोरा अडकला. फरशीची फुटकी कड असेल. मला सोडवता आला असता. पण मी तशीच बसून राहिले आणि हाक मारली, "अहो!"