भरली रापण, बंद दार

"ओढा रे, ओढा! बांगडो आसा, बांगडो!"

किनाऱ्यावर नुसती झुंबड. पंधरवडाभर रिकामी येणारी रापण, गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं, बांगड्यांनी फुगून वाळूवर आली होती, आणि बाबली भगत गुडघाभर पाण्यात उभा राहून अंगारा उधळत होता. "तिची नजर कोणी बांधली? माझ्या राखणदारान! सात समुद्रांची कडी घातल्यान तिका!"

ती म्हणजे गुणाजीची बायको चंद्रावती. बाळंतपणानंतर पहिल्यांदा तान्ह्या लेकीला घेऊन ती किनाऱ्यावर गेली, आणि नेमकी त्या दिवशी रापण रिकामी. भगताने बोट दाखवलं, माजघराला बाहेरून कडी लागली. आत दुपारसुद्धा संध्याकाळसारखी. लेक कुशीत चुरुचुरु दूध प्यायची, आणि भिंतीपलीकडे गाव तिच्या नसण्याचा आनंद करायचा.

पुढे पुन्हा रापण रिकामी आली, तरी भगत तयारच. "फटीतसून बघता ती. फट बुजवा!" फट बुजली. मग फर्मान आलं, "पुनवेक तिका तळेऱ्याक म्हायेराक धाडा. चेडू हयंच रवांदे. आवशीचा दूध तेका बाधतला."

लेकीला इथंच ठेवायचं ऐकून चंद्रावतीने तिला घट्ट धरलं. सासूला म्हणाली, "आये, मी भायर असलंय तर रापणीचा काय होता, ता कोणी बघलाहा?"

यमुनाबाई नातीच्या टाळूवर तेल थापत राहिली. मग हळूच म्हणाली, "परसाची कडी माझ्या हातात आसा."

दुसऱ्या सकाळपासून यमुनाबाई नवा पैसा उडवू लागली. छापा पडला तर दोघी परसातून जाऊन उपड्या होडीच्या आडोशाला बसत. काटा पडला तर चंद्रावती आतच. समुद्राचा रंग बघून दिवस निवडले असते तर मनानेच लबाडी केली असती. नाण्याला ना सून, ना वैरी. संध्याकाळी गुणाजी रापणीची हकीकत सांगे. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग चारांतल्या एका करवंटीत शिंपली पडे: आत आणि भरली, आत आणि रिकामी, बाहेर आणि भरली, बाहेर आणि रिकामी.

पुनवेला भगत वाजतगाजत अंगणात आला. चंद्रावतीने करवंट्या मांडल्या, कुठली कशाची ते सांगितलं. रापणीचा म्होरक्या धोंडू तांडेल वाकून बघू लागला.

"आत काय नि भायर काय, सारख्याच शिंपल्यो गो!"

"खोटा!" भगत कडाडला. "ती भायर असताना रापण भरूचीच नाय!"

"मगे काल?" धोंडू म्हणाला. "काल बांगडो इलो तेवां तूच नाचत होतंस, नजर बांधलंय म्हणान. ही खंय होती?"

"तुझ्या पाठसून, होडयेआड," यमुनाबाई म्हणाली. "चेडवाक पाजत होती. तुझ्या राखणदाराक दिसूक नाय?"

लोक खो खो हसले. भगत "सावली... तिची सावली..." असं काहीतरी पुटपुटला.

"भगताक तुमी कधी बोलवतास?" चंद्रावतीने विचारलं. "रिकाम्या दिसांनी जीव मेटाकुटीक इलो काय. तेच्या मागसून कधीतरी मासो येतलोच. इलो तर भगताचो, नाय इलो तर माझो!"

गुणाजीने मान खाली घातली, आत गेला आणि माजघराचा कोयंडाच उपटून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी रापण रिकामी आली. चंद्रावती लेकीला घेऊन उघड्या वाळूवर बसली होती. दोन-चार माना तिच्याकडे वळल्या.

"काय बघतास?" धोंडू खेकसला. "मासो गावूक नाय, इतक्याच."

बायाबापड्यांनो, चमत्कार घडला तो दिवस सगळेच मोजतात. घडला नाही तो दिवसही मोजा. आणि मोजून होईपर्यंत कोणाच्या दाराला कडी लावू नका.