र नसलेली भाषा

शनिवारी सकाळी कोपरगावहून निघताना रेश्माच्या डोक्यात हुंबळ भाषेचे सत्त्याण्णव शब्द होते. पंच्याण्णव पाण्याचे, दोन आभाळाचे. राहुरीला गाडी बदलेपर्यंत तिने ते सगळे म्हणून पाहिले. नुंगल, म्हणजे विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी, इथपासून थेट शेवटापर्यंत. एकही गळला नव्हता.

हुंबळ लोक कुठेच राहत नाहीत. रेश्मा आणि अल्मास चौथीत असताना शाळेच्या टाकीमागे बसून दोघींनी ते घडवले होते. त्यांच्यात शब्द लिहिणं पाप. प्रत्येक शब्दाला एक राखणदार. पाण्याचे शब्द रेश्माने सांभाळायचे, आभाळाचे अल्मासने; त्यातले दोनच रेश्माच्या कानावरून लक्षात राहिले होते. आणि त्या भाषेत र नव्हताच, कारण तेव्हा अल्मासला तो म्हणता येत नसे. ती रेश्माला 'लेश्मे' म्हणायची.

आता रेश्माची हुंबळांवरची कादंबरी शेवटच्या प्रकरणाशी अडली होती. त्यात सगळं गाव आभाळाकडे तोंड करून बोलतं. शनिवारी अल्मासकडून आभाळाचे शब्द आणायचे, रविवारी प्रकरण लिहायचं, असा बेत होता. नवे शब्द तिने घडवूनही पाहिले होते. पण रेश्मा वनस्पतिशास्त्र शिकलेली. एकटीने घडवलेले शब्द तिला वाळवून कागदावर चिकटवलेल्या पानांसारख्या वाटत. शब्द जिवंत व्हायला 'असं नाही हं, असं!' म्हणून भांडणारं दुसरं माणूस लागतं.

सोनईत अल्मास पिको-फॉलच्या मशीनवर बसली होती. शेजारी साड्यांचा ढीग.

"रेश्मे! आगं किती वाळलीस! पुस्तकं लिवनाऱ्यांना जेवन घालत न्हाईत व्हय?"

र अगदी खणखणीत.

रेश्माने काम सांगितलं. अल्मासचा पाय थांबला.

"आभाळाचे शब्द? माझ्याकडं हुते?"

"तुझ्याचकडं. मी लिहून ठेवले असते, तर पाप लागलं असतं ना."

"एवढी शिकलीस आन् आजून त्या पापाला भितीस?" अल्मास खळखळून हसली. मग रेश्माचा चेहरा बघून उठली. चहा केला. तो निवेपर्यंत सुईतल्या धाग्याकडे बघत राहिली. "थांब, येतंय. तिरुम! तिरुम म्हंजी चांदनी."

पुढे सरकलेली रेश्मा तशीच थांबली. "अजून?"

"सुरंध म्हंजी सांजचं आभाळ. ओरवा, वीज. नुंगल..." अल्मासने डोळे बारीक केले. "नुंगल म्हंजी काळा ढग. व्हय, पक्कं!"

रेश्माने मान डोलावली. अल्मास तर सुटलीच होती. साडी बाजूला टाकून, हातवारे करून एकेक शब्द सांगत होती, मध्येच स्वतःच दाद देत होती. रेश्मा मांडीआड एकेका शब्दाला एकेक बोट मिटत गेली.

"बास का देऊ आजून?"

"बास."

"बघ, हुते का न्हाई माझ्याकडं? लई जपून ठेवल्ते. आता पुस्तकात माझं नाव घाल, न्हाईतर बघ!"

"घालते," रेश्मा म्हणाली.

अल्मास स्टँडपर्यंत आली, गाडी हलेपर्यंत हात करत राहिली. रेश्माने खिडकीशी डोकं टेकून तिने दिलेले शब्द पहिल्यापासून पुन्हा म्हटले.

एकूण एकवीस. र असलेले सोळा. उरलेले पाच पाण्याचे.