खटक्या परत येतो

दानम्माच्या डोक्यात सकाळपासून तिडीक उठली होती, आणि तीही एका यंत्रमानवावरून.

खटक्या त्याचं नाव. भंगारातल्या पत्र्याचा, इंजिनाचं तेल पिणारा, हातचलाख आणि जिभेला साखर लावलेला. कुमार नावाच्या तरुणाने हे कार्टून काढलं होतं आणि सोलापुरातले लोक ते फोनवर बघून पोट धरून हसत होते. खटक्या अवकाशयानातून ग्रहामागून ग्रह फिरायचा आणि जाईल तिथे प्रेमात पडायचा. चंद्रावरच्या टोलनाक्याचं फाटक, मंगळावरची लिफ्ट, एक वजनकाटा. वजनकाट्याला तो म्हणाला होता, "तुझ्यावर उभा राहिलो की मी हलका होतो गं." मग तिचीच वजनं चोरून पसार झाला. अकरा भागांत अकरा जणी. पृथ्वीवर त्याची लग्नाची बायको वाट बघत होती. मागाबाई, एक जुना यंत्रमाग. तिचा आवाज दानम्माचा.

कुमारला तो आवाज नवी पेठेत सापडला होता. दानम्मा रिक्षावाल्याशी भांडत होती आणि अर्धी पेठ थांबून ऐकत होती. एमआयडीसीतल्या चादरीच्या शेडमध्ये बावीस वर्षं सुताच्या कांड्या भरताना, मागांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून तो घडला होता.

आज शुक्रवार. शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. खटक्या घरी परत येतो आणि मागाबाई म्हणते, "आलात? हातपाय धुवा, जेवून घ्या."

"हे मी म्हणणार न्हाय," दानम्मा काचेच्या खोलीतून माइकमध्ये म्हणाली.

"मावशी, लोकांना शेवट गोड लागतो," काचेपलीकडून कुमारचा आवाज आला.

"लोकांना लागतो. मागाबाईला इचारलंस का?"

कुमारशेजारी शाकीर बसला होता. खटक्याचा आवाज तोच काढायचा, रेकॉर्डिंगची बटणंही तोच सांभाळायचा. तो हसला. "खाला, यंत्र हाय ती. तिला काय इचारायचं?"

दानम्माला हसू आलं नाही. घरी तिची लेक पूनम दोन महिन्यांपासून येऊन बसली होती. जावयाने तिसऱ्यांदा बाहेर घरोबा केला होता, आणि आता तो रविवारी तिला न्यायला येणार होता. पूनम मागाबाईचा एकही भाग चुकवायची नाही. काल भाकरी थापता थापता म्हणाली होती, "अव्वा, मागाबाई खटक्याला घरात घेती का बघू. मग मी पण ठरवते." म्हणाली हसत, पण रात्रीच तिने बॅग भरली होती. भाग शनिवारी दिसणार होता.

कुमारने आपल्या बाजूच्या माइकचं बटण बंद केलं आणि तो शाकीरशी बोलू लागला. त्याला वाटलं, आता म्हातारीला काही ऐकू जात नाही. ऐकू जात नव्हतंच. पण मागांच्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू जात नाही. तिथे बायका समोरचीच्या ओठांवरून बोलणं वाचतात. कुणाची सून रुसली, कुणाला दिवस गेले, सगळं ओठांवरून. दानम्माने बावीस वर्षं हेच केलं होतं. तिने काचेतून कुमारचं तोंड वाचलं.

"नाही म्हणाली तर म्हणू दे. 'आलात' पहिल्या भागात आहे, 'जेवून घ्या' सहाव्यात. जोडून टाक."

शाकीर काहीतरी पुटपुटला. कुमारने हात झटकला. "अरे, तिच्याच तोंडची वाक्यं आहेत ही. तिप्पण्णाला तीनदा घरात घेतलंय तिने. चहा पिताना मला सगळं सांगितलंय."

दानम्माच्या कानशिलांत रक्त उसळलं. तिप्पण्णा तिचा नवरा. म्हणजे त्याच्यावरून या पोराने खटक्या रचला होता, आणि तिच्याच घशातून तिचीच चूक पुन्हा वदवून घेत होता. तिची गोष्ट तर घेतलीच होती, आता ती चूक पूनमच्या कानात ओतणार होता.

तिने कमरेची पिशवी सोडली, फोन काढला आणि तिथेच, चालूच असलेल्या माइकसमोर उभी राहून पूनमला लावला. फोन स्पीकरवरच असायचा तिचा.

"पूनम, रविवारी जायचं न्हाय."

"अव्वा? काय झालं?"

"उद्या मागाबाई 'जेवून घ्या' म्हणाली तर ती मी न्हाय. माझे जुने शब्द जोडल्यात ह्यांनी."

पलीकडे पूनमचा आवाज चिरला. "मग अप्पाला का घेतलंस? एकदा न्हाय, तीनदा. मी दारात उभी असायची. तूच ताट वाढायचीस."

दानम्माचा आवाज खाली आला नाही. "भ्याले म्हणून. लोक काय म्हणतील म्हणून. ताट वाढताना दर टायमाला वाटायचं, ह्याच्या डोक्यात घालावं. घातलं न्हाय. ती माझी चूक. तू करू नगंस."

"बॅग भरलीया मी."

"रिकामी कर."

फोन ठेवून तिने मान वर केली. काचेपलीकडे कुमारचे डोळे चमकत होते. त्याचे ओठ हलले: "घेतलंस ना सगळं? हेच वापरू. सोनं आहे."

दानम्मा दार ढकलून बाहेर आली आणि थेट त्याच्या समोर उभी राहिली.

"पुन्ना चोरतूस?"

कुमार दचकला. "मावशी, तुम्हाला कसं..."

"बावीस वर्सं शेडमध्ये काढलीत मी. तू काच लावून बसलास." ती शाकीरकडे वळली. "पूनमचं नाव पूस. माझ्या नवऱ्याचं सगळं पूस. 'भ्याले म्हणून' ठेव, 'ती माझी चूक, तू करू नगंस' ठेव, 'रिकामी कर' ठेव. मागाबाई बघणाऱ्या पोरींना तेवढंच बोलंल. जोडायचं तर हे जोड."

"मावशी, लोक हसणार नाहीत याच्यावर," कुमार म्हणाला.

"मग नगा हसू."

शाकीरने कुमारकडे पाहिलंच नाही. तो कळफलकावर वाकला आणि पूनमचं नाव शोधून पुसू लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "खाला, मग खटक्या काय बोलंल?"

"काय बोलायचं न्हाय. भायेर उभं ऱ्हायाचं."