कुम्पारेकडे बक्षीस मागायचं नसतं

पोन्सिंग लाकानिलाव स्वतःला कमिशनर म्हणवतो. कुणी नेमलं असं विचारलं की तो छापील कार्ड काढून दाखवतो, आणि कार्ड त्यानंच छापलेलं आहे. त्याआधी तो ट्रायसिकलवाल्यांच्या युनियनचा खजिनदार होता. ती युनियन आता नाही. मग त्याच्या डोक्यात आलं की आपल्या पाम्पांगा प्रांतात दर तिसऱ्या पोराच्या हातात बिलियर्डची क्यू आहे, तेव्हा ह्या पोरांची टूर काढावी. नाव ठेवलं गोल्डन चॉक टूर. गावोगाव नाइन-बॉलची स्पर्धा, प्रवेश फी पाच हजार पेसो, जिंकणाऱ्याला तीन लाख. बॅनरवर बॉल बारीक आणि ह्याचं तोंड मोठं. आमच्या ग्वाग्वा गावच्या पुलावर ते बॅनर लागलं तेव्हा जीपनीतले लोक विचारायचे, ह्यांना वारून किती दिवस झाले.

त्या पुलापासून जवळच, बाजाराच्या मागे, माझा बिलियर्डचा हॉल आहे. सहा टेबलं आणि पुढच्या बाजूला चूल. नवरा गेल्यापासून मीच चालवते. टेबलाच्या कडेवर कुणी बिअरची बाटली ठेवली तर आधी बाटली बाहेर जाते, मग तो. गाव मला दारा मेनांग म्हणतं. दारा म्हणजे मावशी, पण ह्या मावशीकडे उधार मिळत नाही.

माझा धाकटा एलिसेओ ह्याच टेबलांवर शिकला. खेळतो राजासारखा आणि बोलतो मेंढरासारखा. त्याला टूरवर धाडायचं तर फी, गाडीभाडं, खोली, बरी क्यू, सगळं आलं. मी बोंबायकडून कर्ज काढलं. बोंबाय म्हणजे गुरमीत, पगडीवाला, मोटरसायकलवर फिरून पाच देतो आणि सहा घेतो. आपण मुंबईचे नाही हे त्यानं आम्हाला बरीच वर्षं सांगून पाहिलं, मग नाद सोडला. तारण म्हणून मी खिडकीजवळची दोन टेबलं लिहून दिली. हॉलमध्ये सरळ टेबलं तेवढीच. उरलेल्या चारांवर बॉल तुम्ही मारता, पण जायचं कुठे ते टेबल ठरवतं. चांगले खेळाडू त्या दोन टेबलांसाठी येतात आणि माझी चूल त्यांच्यावर पेटते. ऑगस्टअखेर पैसे नाही फिटले तर दोन्ही टेबलं गुरमीतची.

जुलैत एलिसेओ तारलाकची स्पर्धा जिंकला. स्टेजवर कमिशनरनं त्याला मिठी मारली आणि दरवाज्याएवढा पुठ्ठ्याचा चेक हातात दिला. तो बसमध्ये मावेना, म्हणून टपावर बांधून आणला. वाटेत पावसानं दोन शून्यं धुऊन नेली. मी म्हटलं, बघ, टूरनं आत्ताच कापायला सुरुवात केली.

खरा चेक काही येईना. आधी बँकेला सुट्टी होती. मग स्पॉन्सर हाँगकाँगला गेला होता. मग कळलं की चेकवर खजिनदाराची सही लागते, खजिनदार म्हणजे कमिशनरची मेहुणी, आणि ती नर्स होऊन दुबईला गेलीय. तारलाकला दुसरा आलेल्या पोराला रोख रकमेऐवजी व्हिटॅमिनच्या सरबताची चाळीस खोकी मिळाली. तारीख उलटून गेलेली. त्याच्या घरची डुकरं सध्या फार तरतरीत आहेत.

ऑगस्टच्या मध्यावर मी एलिसेओला कमिशनरच्या ऑफिसात पाठवला. संध्याकाळी परत आला तो हसतच. माझी सून रोवेना बाळाला पाजत बसली होती.

"इमा, काम झालं," तो मला म्हणाला. आईला आमच्यात इमा म्हणतात.

"कुठे आहेत?"

"काय?"

"पैसे, मेंढरा."

"ते येतील. पण बघ ना, मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, बाळ कसंय, बाप्तिस्मा कधी. आणि म्हणाले, धर्मबाप मी होणार. स्वतःहून. एवढा मोठा माणूस."

रोवेना म्हणाली, "इमा, निवडणुकीला उभे राहतायत ते. उपमहापौर होतील. आपल्या पोराचं कल्याण होईल."

"आणि तू हो म्हणालास?"

"नाही कसं म्हणू?"

तेच तर. नाही म्हणता येत नाही, हेच पोन्सिंगचं भांडवल आहे. तो तुमच्या पोराचा धर्मबाप झाला की तुम्ही त्याचे कुम्पारे. माणूस सख्ख्या भावाकडे पैसे मागतो, भावाला कोर्टात खेचतो, भावाच्या डोक्यात खुर्ची घालतो, आणि नाताळला दोघं एका ताटात जेवतात. कुम्पारेकडे मात्र पैसे मागत नाहीत. मागितले तर लोक म्हणतात, ह्याला देवाच्या दारातलं नातं कळत नाही. आणि पोन्सिंगनं टूर कशी चालवली ते मला त्या संध्याकाळी नीट दिसलं. माबालाकात लोपे जिंकला, त्याच्या मुलीचा धर्मबाप पोन्सिंग. सुबिकला दांते जिंकला, पण त्याचं लग्नच झालं नव्हतं. तर ह्यानं आधी त्याचं लग्न लावून दिलं आणि लग्नाचा धर्मबाप झाला. प्रत्येकाला पाकिटात पाचशे पेसो आणि गालाला गाल. सगळी टूर आता एक कुटुंब झाली होती आणि कुणालाच कुणाचं देणं नव्हतं. वेळेवर पैसे मिळायचे ते एकट्या गुरमीतला, कारण कमिशनरनंही त्याच्याकडूनच उचललेले होते आणि गुरमीतची पोरं बाप्तिस्मा घेत नाहीत.

"बाप्तिस्मा कधी ठरला?" मी विचारलं.

"रविवारी. त्यांनी फादरशीही बोलून ठेवलंय."

म्हणजे बाळाच्या डोक्यावर पाणी पडेपर्यंत मला वेळ होता. एकदा पाणी पडलं की तीन लाख त्याच्याबरोबर वाहून जाणार, आणि माझी दोन टेबलं गुरमीतच्या टेंपोत चढणार.

"इमा, तुम्ही काही भांडण काढू नका," रोवेना म्हणाली.

"मी कशाला भांडू? मी त्याचं कौतुक करणार आहे."

सकाळी मी बाजारात गेले. मासळीवाली इसिंग गुपित राखण्याबद्दल प्रसिद्ध आहे, म्हणजे ती एका वेळी एकालाच सांगते. तिच्याकडे तिलापिया निवडता निवडता मी म्हटलं, "इसिंग, कुणाला बोलू नकोस, कमिशनर आमच्या बाळाच्या मुठीत तीन लाख ठेवणार आहेत."

धर्मबाप बाळाच्या मुठीत काहीतरी ठेवतोच. त्याला आम्ही पाकिमकिम म्हणतो. पाचशे ठेवतात, हजार ठेवतात. तीन लाख कुणी ऐकले नव्हते.

इसिंगच्या हातातला सुरा थांबला. "तीन लाख? आणि आम्ही त्याला चोर म्हणत होतो."

"बघ, किती पाप करतो आपण," मी म्हटलं.

दुपारपर्यंत ते कसायांकडे पोचलं, तिथून ट्रायसिकलच्या थांब्यावर, आणि थांब्यावरून सगळीकडे. शुक्रवारी लोक पोन्सिंगला रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायला लागले. कशाबद्दल ते त्याला कळेना, पण उमेदवार माणूस, हात कशाला सोडवून घेईल. शनिवारी फादरनी मला विचारलं, उद्या प्रवचनात ह्या दानाचा उल्लेख केला तर चालेल का. मी म्हटलं, फादर, त्यांना संकोच वाटेल. तरी करा.

रविवारी चर्च नाताळसारखं भरलं. पोन्सिंग पांढऱ्या बारोंग सदऱ्यात आला, बरोबर बायको आणि फोटोग्राफर. प्रवचनात फादर बोलले, उदार हाताबद्दल, आणि थेट आकडा सांगितला. पोन्सिंगचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून माणूस निघून गेल्यासारखं दिसत होतं. त्याच्या बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या बाईला मी ओळखते. तीन लाख घरात आहेत हे तिला आजच कळलं होतं.

सगळे बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ गेलो. पोन्सिंग माझ्या कानाशी वाकला.

"दारा, हे काय ऐकतोय मी?"

"तुझी स्तुती."

"तीन लाख कुणी सांगितले?"

"तूच. तारलाकला, माइकवर. मी एक पेसो वाढवलेला नाही."

"अहो, ते बक्षीस. ते वेगळं. ते येणारच आहे. पुढच्या आठवड्यात नक्की."

"पुढच्या आठवड्यात तू एलिसेओचा कुम्पारे असशील."

त्यानं खिशातून पाकीट काढलं. "हे बघा, मी पाचशे आणलेत. हजार करतो."

"काढ ना. पण वर धरून दे. मागे कॅमेरा आहे, तुझाच."

फादरनी शिंपल्यात पाणी घेतलं. मी पुढे झाले. "फादर, जरा थांबा. धर्मबापाला मुठीत द्यायचंय, ते आधी होऊ दे."

"ते नंतर असतं, दारा."

"आमच्या घराण्यात आधी असतं."

एलिसेओ पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. रोवेना माझ्याकडे बघत होती, आणि नजरेनं माणूस मरत असता तर त्याच दुपारी मला पुरलं असतं. बाळ रडायला लागलं. मागून इसिंगचा आवाज आला, "सोन्याच्या मनाचा माणूस हो."

"दारा, अर्धे देतो," पोन्सिंग कुजबुजला.

"मग अर्ध्याच पोराचा बाप्तिस्मा करू या का? कुठला अर्धा हवा तुला?"

त्याची बायको पलीकडून हलक्या आवाजात म्हणाली, "पोन्सिंग, देऊन टाक. सगळे बघतायत. घरी गेल्यावर आपण बोलूच."

त्या 'बोलूच'नं काम केलं. त्यानं ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर गाडीकडे पळाला आणि बिस्किटाचा मोठा डबा घेऊन आला. डबा माझ्याकडे देताना बिचारा म्हणाला, "दारा, ही सान फर्नांदोच्या स्पर्धेची फी आहे. पुढच्या रविवारी आहे ती. चौसष्ट पोरांची."

"डबा कुणाचाही असो," मी म्हटलं, "पैसे एलिसेओचे आहेत."

पहिल्या बाकावर बसून मी मोजले. सगळं चर्च वाट बघत होतं, फादरसकट. तीन लाख वीस हजार निघाले. वरचे वीस हजार मी पोन्सिंगला परत दिले, कॅमेऱ्याकडे तोंड करून. आपण दुसऱ्याचा पैसा ठेवत नाही. मग एक हजाराची नोट बाळाच्या मुठीत कोंबली, बाकीचे माझ्या पिशवीत टाकले, आणि फादरना म्हटलं, आता ओता.

जेवणाला मी हात आखडला नाही. भाजलेलं अख्खं डुक्कर, नारळाच्या दुधातला चिकट भात, सिसिग. पोन्सिंग तीनदा जेवला. बायको त्याच्या शेजारी बसली होती आणि त्याला घरी जायची घाई नव्हती. सोमवारी गुरमीत आला. त्यानं पैसे घेतले, टेबलांचा कागद माझ्यासमोर फाडला आणि म्हणाला, "दारा, त्या माणसाकडून पैसे काढणारे आपण दोघंच." मी त्याला पेज वाढली आणि तिचे पैसे लावले.

पुढच्या रविवारी सान फर्नांदोची स्पर्धा झाली. माझा एलिसेओ जिंकला.

तिथंही मिठी मारली गेली, फोटो निघाले, टाळ्या पडल्या. चार दिवस गेले, आठ गेले. मी म्हटलं, "जा, माग."

"इमा, आता ते माझे कुम्पारे आहेत."

"मग?"

"मग काय? तूच सांग."

मला सांगता येईना, म्हणून मला जास्त राग आला. मी पोन्सिंगला निरोप पाठवला की वाटेनं जाताना कॉफीला ये. तो आला. खिडकीजवळच्या टेबलावरून त्यानं हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी कॉफी दिली. ती त्यानं सावकाश प्यायली, मग म्हणाला, "दारा, सान फर्नांदोचं बक्षीस ना? ते तुमच्याकडेच आहे."

"माझ्याकडे तारलाकचं आहे."

"तारलाकचं तर पावसात धुऊन गेलं, मला एलिसेओनंच सांगितलं. तुम्ही चर्चमध्ये मोजून घेतले ते पैसे सान फर्नांदोचे. ड्रायव्हरनं तुम्हाला सांगितलं होतं, फादरनी ऐकलं, फोटोत डबासुद्धा आलाय. त्यात एलिसेओचे स्वतःचे पाच हजारही होते. बक्षीस त्याच्या मुलाला आठ दिवस आधीच पोचतं केलं. अशी टूर सगळ्या लुझॉनमध्ये दुसरी दाखवा."

"आणि दुसरा आला त्याला?"

"वीस हजार. तुम्ही परत दिलेत तेच. तो तुम्हाला दुवा देतोय."

ह्या माणसाचा हिशेब आयुष्यात एकदाच जुळला, आणि तो माझ्यावर.

एलिसेओ मागे चौकटच्या आकारात बॉल मांडत होता आणि आपण तिथं नाही असं दाखवत होता. पोन्सिंग उठला, बारोंग झटकला.

"कॉफीचे पंधरा पेसो," मी म्हटलं.

तो हसला. "दारा, आता आपण नातेवाईक. कुम्पारेकडून कॉफीचे पैसे घ्यायचे?"

"कॉफीचा बाप्तिस्मा झालेला नाही."

त्यानं खिसे चाचपले. एकात नाही, दुसऱ्यात नाही. शेवटी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून वीसची नोट काढून टेबलाच्या कडेवर ठेवली, आणि पाच पेसो सुटे हातात पडेपर्यंत तिथंच उभा राहिला.