हात दुखेपर्यंतची कणीक

"गिरणी काहून आणली वं घरात?"

स्टँड मिक्सर ओट्यावर बसला तेव्हा आई एवढंच म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, गोपिकाबाई. मिक्सर माझ्या धरमपेठेतल्या मावशीचा. ती लेकीकडे पुण्याला कायमची निघाली आणि "मुग्धा केक करते, तिलाच द्या" म्हणून आमच्याकडे मनीषनगरला पाठवून दिला. माझ्या नवऱ्याने, पियुषने, तो गाडीतून उतरवला तो कंबर धरूनच. दुधी रंगाचा, मान पुढे झुकवलेला, एखाद्या शांत बैलासारखा.

माझी तारा दीड वर्षाची. तिला कडेवर घेतलं की मला एकच हात उरतो. एका हाताने भाजी ढवळता येते, कुकर लावता येतो, पण कणीक मळता येत नाही. आई करायच्या पूर्वी. गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला, तेव्हापासून नाही. फिजिओथेरपीने हात छातीपर्यंत उचलता येऊ लागला, पोळी लाटता येऊ लागली, पण जोर लावायचा नाही, झटका द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून हा मिक्सर मला केकसाठी नाही, कणकेसाठी पावला. भांड्यात कणीक, मीठ, पाणी घालायचं, कणकेचा आकडा लावायचा आणि बटन फिरवायचं. तो आकडा स्वतःभोवती फिरता फिरता भांड्याभोवतीही फिरतो. गरब्यात बाई गिरकी घेत घेत रिंगण पूर्ण करते ना, तसा. भांड्याची एकही बाजू सुटत नाही. पियुषला कळमेश्वरच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायचं असतं. त्याचा डबा आता तारा कडेवर असतानाच होतो. ती मिक्सरकडे बोट दाखवून "घुल्ल" म्हणते, मी "हो गं, घुर्र" म्हणते, तेवढ्यात कणकेचा गोळा भांडं सोडून आकड्याला बिलगलेला असतो.

आई लांबून बघायच्या. एकदा मी जाळीचा फेटणा लावून साय घुसळली. आधी फेस, मग घट्ट क्रीम, मग एकाएकी ताक वेगळं आणि पिवळंधमक लोणी जाळीत अडकलेलं. आई पुढे आल्या, बोटाने लोणी चाखलं.

"रवीनं मले अर्धी दुपार लागे," त्या म्हणाल्या. "ह्याले दम नाही लागत का वं?"

"गरम होतो थोडा."

"मग ठीक आहे. गरम होते म्हणजे काम करून राहिला."

त्या दिवशी मिक्सरच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. गिरणी हा शब्द गेला, मशीन आलं.

आता रोटीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. आमच्याकडची लांब रोटी. ही लाटत नाहीत. वस्त्रगाळ कणीक पातळसर भिजवतात, परातीत आपटून आपटून तिला असा ताण आणतात की गोळा या हातावरून त्या हातावर घेताना कोपरापर्यंत पसरतो. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर ती अलगद टाकायची. रुमालासारखी घडी होते. आमरसाबरोबर खा नाहीतर रश्श्याबरोबर. आईंच्या माहेरी, सासरी, कुणाकडेही कार्य निघालं की रोट्यांना गोपिकाबाईच. मडक्यापुढे त्या बसल्या की बायका काम सोडून बघायला यायच्या, असं पियुष सांगतो. मी स्वतः लग्नानंतर एकदाच पाहिलं. रोटी त्यांच्या मनगटांवर डोलत होती आणि त्या कुणाशी तरी हसून बोलत होत्या, हातांकडे न बघता.

खांदा धरल्यावर ते मडकं मागच्या अंगणात पालथं पडलं होतं. आईंनी त्यावर मनीप्लान्टची कुंडी ठेवली होती.

आणि चैत्र संपता संपता इंदुताईंचा फोन आला. इंदुताई पियुषची आत्या, कळमेश्वरला असते. तिच्या मुलाचं, ऋषीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं.

"वहिनी, रोट्या तुमच्याच हातच्या हं! मुलीकडच्यांना मी सांगून बसली."

"माझा खांदा तुले माहीत आहे ना इंदू. आता नाही होत. माणूस सांग बाहेरचा."

"बाहेरच्याच्या रोट्या अन् माझ्या ऋषीच्या साक्षगंधात? मी थांबतो दोन-चार दिवस. विचार करून सांगा."

फोन ठेवून आई बराच वेळ कुंडीची वाळकी पानं खुडत बसल्या. खुडण्यासारखी पानं फारशी नव्हतीच.

मी म्हटलं, "आई, आपटायचं काम मशीनला देऊ. हातावर पसरायचं काम तुमचं. तेवढा हात वर जातोय तुमचा."

"मशीनची कणीक पोळीची. रोटीची निराळी."

"करून तर बघू."

"बिघडली तर?"

"तर तुमचा लेक आहे ना खायला."

हसल्या. कुंडी खाली उतरवली.

तारा दुपारी झोपल्यावर आम्ही बसलो. मी घरी पावही करते, त्या सवयीने सगळं पाणी एकदम ओतायला गेले, तर आईंनी मनगट धरलं. "घोटाघोटानं पाज तिले." मी मिक्सर जोरात सोडला. "हळू कर वं, मले कणीक ऐकू येऊन नाही राहिली!" वेग कमी केला तेव्हा मलाही ऐकू आली. थप, थप. भांड्याच्या कडेवर ओला गोळा आपटत होता. आईंचा चेहरा बदलला. परातीतला आवाज तोच असणार.

पाणी पाजत गेलो. गोळा सैल झाला, चकाकला.

"झाली का?" मी विचारलं.

"थांब."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा थांब. मग माझ्या लक्षात आलं की आई डाव्या हाताने उजवा खांदा चाचपत आहेत.

"दुखतोय का?"

"नाही ना! तोच तर दुखत नाही." त्या वैतागल्या. "मग समजावं कसं?"

तेव्हा मला कळलं. आईंना त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं की आधी मनगट बोलतं, मग कोपर, आणि खांदा बोलला की कणीक झाली. इतकी वर्षं त्यांचं माप त्यांच्या दुखण्यात होतं. आणि मिक्सरचा खांदा काही बोलत नव्हता.

आम्ही फार थांबलो. गोळा ऊन ऊन झाला होता, लगद्यासारखा चिकटत होता. मागच्या अंगणात चूल पेटवली, आईंनी गोळा हातावर घेतला, झुलवला, आणि मधोमध भोक पडलं. दुसऱ्याला तीन पडली. तिसरा मनगटावरून घसरून सरळ जमिनीवर. तारा उठून दारात उभी होती, तिने टाळ्या वाजवल्या.

आईंनी चुलीवर पाणी मारलं, मडकं गार झाल्यावर जागेवर नेलं आणि कुंडी पुन्हा त्यावर ठेवली.

रात्री जेवताना पियुष म्हणाला, "आई, इंदुआत्याला सांगून टाकू का मी? तुले बोलायचं नसेल तर."

"उद्या मीच सांगतो," त्या म्हणाल्या, आणि ताटातला भात कालवत राहिल्या. आईंचा भात कधी ताटात उरत नाही. त्या दिवशी उरला.

मला राहवेना. सकाळी ताराला घास भरवता भरवता मी म्हटलं, "आई, आम्ही पावाची कणीक झाली की नाही ते हात दुखून नाही बघत. पडदा बघतो."

"कोणता पडदा?"

"एवढीशी कणीक चिमटीत घ्यायची, बोटांनी ताणायची आणि उजेडासमोर धरायची. फाटली तर व्हायची आहे. पलीकडचं दिसलं आणि तरी फाटली नाही, तर झाली."

आईंनी जरा विचार केला. "इंदूले दुपारी फोन करतो मग," म्हणाल्या. म्हणजे सकाळ आमची होती.

या वेळी पाणी आईंनी माठातलं आणलं. "काल ऊन झाली थे ऊन पाण्यानंच. इथं नळातून चहाचं पाणी येते सध्या." खरंच होतं ते, मला सुचलं नव्हतं. थप थप सुरू झालं. मधेच मी बटन बंद केलं, चिमूटभर कणीक आईंच्या हातात दिली. त्यांनी ताणली, टर्रकन फाटली. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. जरा लांबली, मग फाटली. आईंना त्यात गंमत वाटू लागली. "कर सुरू. थांबव. आण इकडं." मला हुकूम सोडताना त्यांचा आवाज मडक्यापुढच्या बाईचा झाला होता.

मग एकदा त्यांनी कणीक ताणली आणि ती ताणली जातच राहिली. खिडकीसमोर धरली. गज दिसले, गजांपलीकडे गुलमोहराचा लाल धूसर दिसला. आई तशाच उभ्या. तेवढ्यात तारा खिडकीखालच्या स्टुलावर चढली आणि पलीकडून त्या पडद्याला नाक लावायला आली. कणकेतून तिचा चेहरा दिसत होता, डोळे, पुढचे दोन दात.

"मुग्धा," आई हळूच म्हणाल्या, "तारा दिसून राहिली वं."

"म्हणजे झाली."

"झाली."

कुंडी उतरवायला त्यांनी मलाच पिटाळलं आणि स्वतः चूल पेटवली. पहिली रोटी मनगटावर आली, कोपरापर्यंत गेली, खांद्याने जरा कुरकुर केली पण ती उचलण्याची, आपटण्याची नाही. मडक्यावर पडली ती पूर्ण. कुठे भोक नाही. फुगे आले, कडा सुटल्या, आईंनी तिची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ताराने त्यातला तुकडा आधी चोखला आणि मग दुसरा मागितला. मीही उभ्यानेच खाल्ली, मीठ लावून.

दुपारी आईंनी फोन केला. "इंदू, माणूस सांगितला का तू? नाही ना? बरं. नोको सांगू. येतो मी."

साक्षगंधाच्या दिवशी पहाटे गाडीत कसे बसलो ते सांगायलाच हवं. पियुष गाडी चालवत होता. शेजारी आई, नव्या इरकली साडीत, मांडीवर मिक्सर. पट्टा त्याच्यासकट स्वतःला बांधलेला. मागे मी, माझ्या एका बाजूला जुन्या चादरीत गुंडाळलेलं मडकं, मांडीवर तारा. खड्डा आला की आई आधी मिक्सरची मान धरायच्या, मग विचारायच्या, "मडकं ठीक आहे ना वं?"

"आई, ताराचं नाही विचारत?" पियुष म्हणाला.

"तिले तिची माय धरून आहे. ह्याले कोण आहे?"

कळमेश्वरला मांडव पडला होता. मागच्या अंगणात चूल पेटलेली, बायका बाकीच्या कामात. आईंना मिक्सर पोटाशी धरून उतरताना पाहून इंदुताई पदर खोचत धावत आली.

"वहिनी! हे काय उचलून आणलं?"

"आपटणारा हात आणला माझा," आई म्हणाल्या. "आता मस्करी मागून कर. पहिले सांग, चुलीजवळ बटन कुठी आहे? लांब असेल तर वायर जोडून दे. अन् माठातलं पाणी पाह्यजे, नळातलं नोको."