दोन्ही बाजूंची वकील

चौकातल्या इस्त्रीवालीला गिऱ्हाइकं 'रेडिओ' म्हणायची. इस्त्री तापली की ती एकटीच बोलायला लागायची, आणि बोलायची फक्त थोरल्या बहिणीशी. दोघींचा अबोला वडील गेले तेव्हापासूनचा. पण तो तोंडाचा. मनात मात्र रोज भांडण, आणि दोन्ही बाजूंची वकील ही एकटीच. साहजिकच जिंकायचीही हीच.

आता ताई मुला-सुनेबरोबर परदेशात चालली होती, कायमची. रविवारचं विमान. ताईने जाण्याआधी एकदा दुकानात यावं, घडीभर बसावं, एवढंच रेडिओला हवं होतं.

पण सरळ फोन लावेल तर ती रेडिओ कसली! आधी तालीम. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत ती म्हणाली, "ताई, भेटून जा गं." मनातली ताई फणकारली, "वडिलांच्या आजारपणात तू कुठे होतीस?" यावर पहिलं उत्तर मिळमिळीत निघालं. दुसरं लांबलं. बाह्या आणि पाठ होईपर्यंत तिसरं असं कडक जमलं, की ती स्वतःशीच हसली. त्या नादात कुणाच्या तरी पँटला दोन-दोन घड्या पडल्या.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने फोन लावला. ताईनेच उचलला.

"ताई, मी बोलतेय."

ताई म्हणाली, "धाकटे... बरं झालं गं, फोन केलास." आवाज किती थकला होता! "मला कधीचं बोलायचं होतं. वडिलांच्या आजारपणात..."

झालं! पुढचं हिने मनानेच ऐकून टाकलं. रोजचंच तर होतं. घासूनपुसून ठेवलेलं उत्तर सुटलं, "तुला सेवा करायची नव्हती ताई, मिरवायचं होतं! चार लोकांनी 'केवढं करते पोर' म्हणावं म्हणून बसली होतीस उशाशी!"

बोलून ही थांबली. ताईच्या पुढच्या वाक्यालाही उत्तर तयार होतं.

"मी एवढंच सांगणार होते," ताई म्हणाली, "की तेव्हा तुला दारातूनच परत पाठवलं, ते माझं चुकलं. जाऊ दे. दमले मी आता."

फोन बंद झाला. रेडिओने लगेच परत लावला. नुसताच वाजत राहिला. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सुनेने उचलला.

"मावशी, आई घरात नाहीत."

मागून ताईचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "सांग, बाहेर गेल्यात."

"बाहेर गेल्यात त्या," सून अवघडून म्हणाली. "काही निरोप सांगू का?"

रेडिओने तोंड उघडलं. आपलं चुकलं म्हणणाऱ्या ताईशी ती आजवर कधी बोललीच नव्हती.

"नको," ती म्हणाली.

रविवारी ताई गेली.