समुद्रात तेल लागले तेव्हा

मित्रांनो, सिमेंटच्या नव्या धक्क्याखाली पालथी पडलेली जुनी होडी पाहिलीत ना? तीच मी. माझ्या तळाला भेग गेली आहे आणि तिच्यात खेकड्यांनी संसार मांडला आहे. पण मीही बरे दिवस पाहिले आहेत.

माझा जन्म ओकुमेच्या एका अखंड खोडातून झाला. मेलितोन इयांगाच्या वडिलांनी ते झाड जंगलात पाडले, तासून कोरले, विस्तवावर शेकून रुंद केले. मग साऱ्या गावाने मला ओढत किनाऱ्यावर आणले. वडील थकल्यावर मेलितोन माझा धनी झाला. आम्ही पहाटे निघायचो आणि उन्हं चढल्यावर परतायचो. त्याची बायको फिदेला वाळूत उभी असायची. मासळी भरपूर असली की ती माझ्या पुढच्या टोकाला, नाळेवर थोपटून म्हणायची, "सवत आहे माझी, पण गुणाची." मला ते ऐकून फार बरे वाटे.

मग समुद्रात तेल लागले. आमच्याकडे तेल म्हणजे ताडफळांचे लाल तेल. फिदेलाची म्हातारी आई विचारू लागली, "समुद्रात ताड कधीपासून उगवायला लागले गं?" सगळे पोट धरून हसले. हसायचेच दिवस होते ते. साल्वादोर हा गावातला सत्ताधारी पक्षाचा माणूस. तो दारोदार सांगत फिरे, "जरा धीर धरा. नळ येतील, दिवे येतील, दवाखाना येईल."

समुद्रात दूरवर लोखंडी मनोरे उभे राहिले आणि त्यांच्या टोकांवर ज्वाळा पेटल्या. राजधानीत आरशासारख्या इमारती झाल्या, असे लोक सांगत. गावात फक्त दिव्याचे खांब आले. त्यांना तारा कधी जोडल्याच गेल्या नाहीत. मासळी मात्र त्या ज्वाळांच्या उजेडाकडे, मनोऱ्यांच्या पायथ्याशी जमू लागली, आणि नेमकी तिथेच आम्हाला बंदी झाली. एकदा मेलितोनने मला तिकडे वळवले, तर गस्तीच्या बोटीतल्या शिपायांनी आमचे जाळे कापून टाकले.

"समुद्र आता तुमचा झाला का?" मेलितोनने विचारले.

"आमचा तरी कुठला?" एक शिपाई म्हणाला. "हुकूम आहे. वळव होडी."

पुढे हा धक्का बांधला गेला. उद्घाटनाला मंत्री आले. गावकऱ्यांना पक्षाचे चिन्ह छापलेले सदरे वाटले होते. ते घालून सगळे उन्हात बसले. मंत्री म्हणाले, "ही कोळी बांधवांना सरकारची भेट आहे." टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर मेलितोन उभा राहिला.

"साहेब, धक्का चांगला आहे. पण मासे मनोऱ्यांपाशी आहेत आणि तिथे आम्हाला फिरकू देत नाहीत. मग इथे होडी लावून आम्ही उतरवायचं काय?"

साल्वादोर त्याचा सदरा ओढत कुजबुजला, "अरे बस ना खाली. पोरांचा तरी विचार कर."

"त्यांचाच करतोय."

बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या. मंत्री हसून म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. लक्ष घालू."

त्याच संध्याकाळी एक गाडी आली. मेलितोन माझ्याजवळ बसून जाळे शिवत होता. तिथूनच त्याला नेले. फिदेला उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचे ताट हातात घेऊन गाडीमागे धावली. त्यानंतर ती पुन्हा पुन्हा शहरात जाऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहायची. "या नावाचा कोणी इथे नाही," असे उत्तर मिळायचे. शेजाऱ्यांनी तिच्या दारावरून जायचे सोडले. मलाही कोणी हात लावीना. मी उन्हात तडकत गेले.

मेलितोन परत आला, तेव्हा त्याची बोटे मिटत नव्हती. त्याला वल्हे धरता येईना. फिदेला आता धक्क्यावर, समुद्राकडे पाठ करून, परदेशी जहाजातून आलेली खोक्यातली गोठवलेली मासळी विकते.

"काटे तरी कमी असतात हिला," ती एकदा म्हणाली.

"चवही," मेलितोन म्हणाला.

एकदा साल्वादोर मासळी घ्यायला आला. मेलितोन माझ्या पाठीवर बसला होता. "तुला सांगितलं होतं, गप्प बस म्हणून," साल्वादोर म्हणाला.

"सांगितलं होतंस. पण खोक्यातली मासळी तुलाही खावी लागतेय ना?"

साल्वादोरने मासळी उचलली आणि वर न बघता तो निघून गेला.

मित्रांनो, मला डांबर लावा, रंग द्या, असे मी मागत नाही. लाकूड कधी ना कधी कुजायचेच. जपायचे तर माणसाला जपा. उद्या भरल्या सभेत कोणी एकटा उभा राहून तुमच्याच मनातला प्रश्न विचारू लागला, तर मान खाली घालू नका. त्याच्या शेजारी उभे राहा. त्या दिवशी सारा गाव उभा राहिला असता, तर त्या गाडीत जागा पुरली नसती.